चिचगडात उलट्या तोंडानं

गाडीच्या मॅटला चिखल लागू द्यायचा नाही, एवढंच मी ठरवलं होतं. त्यात माझं काय चुकलं, ते मला अजून कळलेलं नाही.

२००६ साल. मी सालेकशात कारकून आणि आमच्या गल्लीतला पहिला मोटारमालक. (गाडी सेकंडहँड होती, रुबाब मात्र नवा कोरा.) सासरे केवळराम एकदा चारचौघांत म्हणाले होते, "आमच्या जवायाले सायकलची घंटीबी धड वाजवता येत नाही." म्हणून पहिली फेरी चिचगडला, थेट त्यांच्या अंगणात! मॅट खराब होऊ नये म्हणून मी तिच्यावर धानाचा रिकामा बारदाना, म्हणजे तागाचं पोतं, घडी करून अंथरला.

"पायात येईल हा," बायको रीना म्हणाली. मी नुसता हसलो. मोटारमालक हसतात तसा.

चिचगडात पोचल्यावर सासऱ्यांच्या घराचं वळण मी मुद्दाम सोडलं. आधी बाजारचौकानं तर गाडी पाहायला हवी! पुढे समोरून बैलगाडी आली. बैल काही मागे सरणार नव्हते, म्हणून मी रिव्हर्स टाकला. बैलगाडी गेली, पण गेअर निघेना. एका हातानं ओढला, दोन्ही हातांनी ओढला. क्लच अर्ध्यावरच अडत होता.

"गेअरबॉक्स तापला," मी जाणकारासारखं सांगितलं.

"तुमचं डोकं तापून राहिलं," रीना म्हणाली.

तेवढ्यात मेहुणा छोटेलाल सायकलवर आला. "भाऊजी, काऊन थांबले? सारा मोहल्ला अंगणात जमून राहिला. ढकलू का?"

ढकललेली गाडी? सासऱ्यांसमोर? शक्यच नाही! घर मागेच होतं आणि गाडी मागे जात होती. मी मान वळवली, किल्ली फिरवली आणि धक्के खात उलटा निघालो. पोरं टाळ्या पिटत मागे, म्हणजे माझ्या पुढे, धावत होती. वळणसुद्धा मी उलटंच घेतलं. असा अभिमान मला लग्नातही वाटला नव्हता.

सासूबाई जमुनाबाई ओवाळायला ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यासमोर डिक्की आली. त्यांनी बिचाऱ्यांनी डिक्कीलाच ओवाळलं, मागच्या नंबरप्लेटला कुंकू लावलं.

सासऱ्यांचा चेहरा मात्र उतरला. "पाठ दाखवत आले जवाई. गाडीचं तोंड आत्ताच परतीच्या रस्त्याले! आमच्याकडं राहाचं मन नाही काय?"

गेअर अडकला म्हणावं, तर पुन्हा सायकलची घंटी निघणार. मी म्हणालो, "बाबूजी, मोठे साहेब अशीच गाडी लावतात. झटकन निघता येतं."

"म्हणजे खरंच निघाची घाई हाय!" सासरे आत वळले. मला रडू यायचं बाकी होतं.

तेवढ्यात सासूबाईंनी तांदूळ भरून द्यायला बारदाना मागितला. रीना गाडीत वाकली आणि क्लचखाली बोळा होऊन बसलेला आमचा बारदाना तिनं जोर लावून ओढून काढला. "हा घे, माय. यानंच तर गाडी अडवली होती."

मी क्लच दाबून पाहिला. तळापर्यंत गेला, गेअर अलगद सुटला.

सासरे दारातून परतले. "म्हणजे गेअर अडकला होता? तरी एवढ्या दूर उलटी आणली? एक कोंबडीबी नाही चिरडली! पाहा रे, आमचा जवाई!"

माझी छाती फुगली. नम्रपणे मान झुकवावी म्हटलं, तर ती हलेचना. उजव्या खांद्यावरून मागे पाहत होती, तशीच राहिली. सासूबाईंनी मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल चोळलं. फरक शून्य.

दुसऱ्या दिवशी परतताना गाडी छोटेलालनं चालवली. (तो ट्रॅक्टर चालवतो.) मी शेजारी बसलो होतो, तोंड मागे. सासरे रस्त्यावर उभे राहून डोळे पुसत होते. "पाहा रे, जवायाचा पाय निघत नाही. सारखा आमच्याकडंच पाहून राहिला!"

नाही म्हणायला मान हलवावी लागते. ती अजून रिव्हर्समध्येच होती.