उजव्या सीटवरचे बटाटे

बटाट्यांचं पोतं डिकीत न टाकता पुढच्या सीटवर ठेवलं, तिथेच माझं चुकलं. (कमरेचा हट्ट. वय वर्षं एकाहत्तर.)

निघालो तर गाडी टुंग टुंग करायला लागली. पोत्याला बेल्ट हवा होता. लावला. त्या बाजूची काच बंद होत नाही, पाऊस आत यायला लागला, म्हणून मागे पडलेला हिल्केचा टोपीवाला रेनकोट पोत्यावर चढवला. हिल्के माझी बायको. तिला जाऊन आठ महिने झाले, पण रेनकोट गाडीतून काढायला मला अजून सवड झालेली नाही.

आणि समोरच्या ट्रॅक्टरवाल्यानं बोट उचललं!

आयर्लंडच्या आमच्या कोपऱ्यात स्टिअरिंगवरून एक बोट उचलून समोरच्याला रामराम करतात. आठ महिन्यांत माझ्यासाठी एकही उठलं नव्हतं. घरात बोलायला कुणी नाही, रस्त्यावर हे असं. वाटायचं, हिल्के गेली, आता या परक्या डच म्हाताऱ्याला गाव कशाला विचारतंय? फार एकटं वाटायचं. आता उलगडा झाला. माझी गाडी हॉलंडहून आणलेली, स्टिअरिंग डावीकडे. इथले लोक ड्रायव्हर बघतात उजवीकडे. तिथे आधी हिल्के असायची, मग कुणीच नव्हतं, आता बटाटे होते.

त्या दिवशी सात बोटं मिळाली. मग पोतं उतरवलंच नाही. आठवडाभर उगाच हिंडलो, पोस्टापर्यंत, चर्चपर्यंत, धक्क्यापर्यंत.

शनिवारी शेजारच्या ब्रायडीबाई केक घेऊन दारात हजर.

"काय रे वीबे, नवी बाई आणलीस म्हणे! मानसुद्धा हलवत नाही. आणि हिल्केचा कोट घालते? लाज नाही वाटत?"

मी त्यांना गाडीपाशी नेलं आणि कोट उचलला. बटाट्यांना मोड आले होते.

ब्रायडीबाई पोतं बाहेर ओढून स्वतःच तिथे बसल्या. "चल, दुकानापर्यंत ने मला."

"पण डावीकडे मी बसलेला असतो, हे इतके दिवस कुणालाच दिसलं नाही?" मी गाडी काढत विचारलं.

"तू दिसायचास कुठे? गावाला वाटायचं, गाडी हिल्केच चालवते. ती गेल्यावर रिकामी गाडी येताना दिसायला लागली. लोक बोट कसलं उचलतायत, छातीवर क्रॉस काढायचे!"

"बारा वर्षं ही गाडी मीच चालवतोय!" मी भडकलो, आणि तावातावानं वळलो.

"वीबे!" ब्रायडीबाई किंचाळल्या. "डावीकडून! इथे डावीकडून चालवतात!"

बारा वर्षं प्रत्येक वळणावर हे हिल्के म्हणायची. (गेले आठ महिने मीच तिच्या आवाजात म्हणत होतो.) गावाचं तसं फारसं चुकलं नव्हतं.