फटफटी काय म्हणून राह्यली?

आमच्या गल्लीत संध्याकाळी कुणाकडे पाहुणा आला, की घरात शिरण्याआधी त्याला उके काकाजींच्या अंगणात हजेरी द्यावी लागे. अंगणात एक जुनी विलायती फटफटी उभी असे आणि तिच्याजवळ तेलानं काळे झालेले काकाजी. ते पाहुण्याला नावगावसुद्धा विचारत नसत. "या. वाका. लावा कान," एवढंच म्हणत. पाहुणा बावचळून वाकायचा. काकाजी किक मारायचे, अंगणभर धूर व्हायचा, आणि मग पाहुण्याच्या तोंडाकडे टक लावून ते विचारायचे, "काय म्हणून राह्यली?"

फटफटी काही म्हणत असते हेच बिचाऱ्याला पहिल्यांदा कळलेलं असायचं. तो काहीतरी उत्तर द्यायचा. ते उत्तर प्रमाण मानून काकाजी दुसऱ्या दिवशी इंजिन खोलायचे.

मी बालाघाटला शाळेत मराठी शिकवायला आलो आणि नेमकी त्यांच्या शेजारची खोली घेतली. राज्यांची नवी वाटणी होऊन बालाघाट हिंदी मुलखात राहिल्यापासून मराठीच्या वर्गातली पोरं कमी होत चालली होती. वर्गात मी 'का रे?' म्हटलं की पोरगं 'जी सर' म्हणायचं. त्यामुळे मराठी शब्दांबद्दल इतक्या आस्थेनं विचारणारा माणूस भेटल्याचा मला सुरुवातीला फार आनंद झाला. तो पुढं अंगाशी आला.

काकाजींचा उभा जन्म तिरोडीच्या मँगनीजच्या खाणीवर गेला. तिथं ते कंप्रेसर चालवायचे. खडकात भोकं पाडणारी यंत्रं ज्याच्या हवेवर चालतात, ते हे धूड. "मशीन बोलते, गुरुजी," ते सांगायचे. "दुरून आयकूनच मी सांगत होतो, कोनता नट ढिला हाये थे. सायेब लोक मले बोलवून नेत." फटफटी त्यातल्याच एका साहेबाची. लढाईच्या काळातली, साहेब गेल्यावर शेडमध्ये गंजत पडलेली. काकाजी नोकरीतून सुटले तेव्हा ती सुटी करून, पोत्यांत भरून, बैलगाडीतून घरी घेऊन आले. त्यांच्या बायकोला, सोनाकाकूंना वाटलं, कांदे आणले. त्यांनी पोतं ओतलं आणि अंगणात पिस्टन घरंगळला.

पुढचा सगळा हिवाळा काकाजींनी ती जोडण्यात घालवला. घासलेल्या रिंगा बदलल्या, व्हॉल्व्ह बसवले, कार्बुरेटर रॉकेलमध्ये बुडवून काकूंच्या जुन्या लुगड्यानं पुसला. हे सगळं कशासाठी, ते गल्लीला तोंडपाठ होतं. लेक राजेगावला दिलेली, तिला मुलगी झाली होती. थंडी सरली की बारसं करायचं ठरलं होतं. काकूंना बसच्या नुसत्या वासानं उलटी व्हायची, त्यामुळे लेकीच्या घरी त्या लग्नानंतर गेल्याच नव्हत्या. "नातीच्या बारशाले तुले हिच्यावरच नेतो," असं काकाजींनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं. फटफटी जोडून झाली, चालू झाली, तरी निघायचं नाव नव्हतं. रोज एक नवा आवाज निघायचा.

आवाज निघायचा म्हणजे आम्ही काढायचो. मी मराठीचा मास्तर. एकदा कान लावून, नीट विचार करून, मी "खळखळ" असा निर्णय दिला. माझ्या मते आत तेल खेळत होतं. काकाजी गंभीर झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी साखळी उतरवून तिची कडी न् कडी तपासली.

"काकाजी, साखळी काहून काढली?" आता माझ्याही तोंडात 'काहून' बसलं होतं.

"तुमीच म्हनलं ना, खडखड करते."

"मी खळखळ म्हणालो. पाणी करतं तसं."

"हौ, तेच. खडखड."

मी त्यांना दोन्ही शब्दांतला फरक समजावून सांगितला. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघत मन लावून ऐकलं, आणि साखळी पुन्हा रॉकेलमध्ये टाकली.

समोरचे तिवारीजी लाकडाच्या डेपोत बाबू. त्यांनी हिंदीत "भड़भड़" सांगितलं. भडभड म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, हे एव्हाना मलाही कळायला लागलं होतं. काकाजींनी मात्र इंजिनाचं डोकंच काढलं. "फडफड म्हंजे गास्किट फाटलं." गास्किट, म्हणजे सांध्यातली चकती, काढून बघितलं तर ते नवंकोरं. ते उन्हात धरून काकाजी उलटसुलट बघत बसले, आणि तिवारीजी मला हळूच म्हणाले, "गुरुजी, ये आदमी सुनता क्या है और समझता क्या है?" मला काय माहीत? मी त्यांना सांगितलं, खाणीतली माणसं तऱ्हेवाईकच असतात.

कारण तऱ्हा आणखीही होत्या. काकाजी गल्ली दणाणेल असं बोलत. तुम्ही म्हणावं, 'काकाजी, यंदा थंडी फार,' तर ते म्हणत, 'हौ, अंडी परवाच आनली.' रस्त्यात मागून हाक मारली तर कधी वळून पाहत नसत, आणि समोर भेटलं की मिठी मारत. काकू त्यांच्याशी एक शब्द बोलायच्या तर चुलीवरची भाकर सोडून पुढ्यात येऊन बोलायच्या. मी तेव्हा अविवाहित होतो. म्हाताऱ्यांचं प्रेम किती मुरलेलं आहे, असं मला वाटायचं.

बारसं परवावर आलं. त्या संध्याकाळी काकाजींनी मला आणि तिवारीजींना खास बोलावणं पाठवलं. "आज फायनल. दोघंबी कान लावा." किक बसली, फटफटी लागली. मी एका बाजूनं वाकलो, तिवारीजी दुसऱ्या बाजूनं. काकाजी नेहमीप्रमाणे चार पावलं मागं सरून आमच्या समोर उभे राहिले.

खरं सांगतो, इंजिन छान चाललं होतं. काय शब्द द्यावा या विचारात मी होतो, तेवढ्यात ते फुसफुसलं, एकदा खोकलं आणि बंद पडलं. अंगणात धूर तसाच तरंगत होता. शेजारच्या आवारातली कोंबडी बोलली तीसुद्धा स्वच्छ ऐकू आली.

काकाजींनी मान पुढं काढली. "हं. आता?"

आम्ही दोघं सरळ उभे राहिलो.

"बोला ना, गुरुजी. आता काय म्हणून राह्यली? खडखड का फडफड?"

तिवारीजींनी माझ्याकडे तोंड वळवलं. "गाड़ी तो बंद है," ते म्हणाले. ते काही हळू म्हणाले नव्हते. काकाजी माझ्याच ओठांकडे पाहत होते. चेहऱ्यावर परीक्षेच्या निकालाला आलेल्या पोराची धाकधूक.

काकू पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. आमच्या मधून जाऊन त्यांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या आणि सावकाश म्हणाल्या, "पेट्रोल सरलं."

काकाजींनी इंजिनाला हात लावून पाहिलं. आमच्याकडे पाहिलं. "हौ," ते म्हणाले, "तेच म्हणून राह्यलो ना मी." आणि हात न पुसताच घरात गेले. एरवी ते चिंधीनं बोट न् बोट पुसल्याशिवाय उंबरा ओलांडत नसत.

दुसऱ्या दिवशी काकू कुंपणाशी भांडी घासत होत्या. मी विचारलं, "काकू, काकाजींना ऐकू..."

"नाही येत," त्या म्हणाल्या. "तिरोडीपासूनच. सुरुंग फुटत, थे मशीन दिवसभर बोंबलत राहे. कान गेले."

"त्यांनी सांगितलं तुम्हाला?"

"थे काहून सांगतीन? मले माहीत हाये, हे त्यायले माहीत नाही. त्यायले माहीत नाही, हे मले माहीत हाये. तुमाले आता माहीत झालं, हे त्यायले माहीत हाये, पन थे मले माहीत हाये असं मी दाखवत नाही."

मी मास्तर असूनही यातल्या दुसऱ्या वाक्यातच हरवलो. "पण मग तुम्हालाच का नाही विचारत? मला, तिवारीजींना, येणाऱ्याजाणाऱ्याला कशाला?"

"मले इचारलं तर मले समजन ना, गुरुजी!" काकू हसल्या. मग पदर डोळ्यांना लावला. "फटफटीले काई झालं नाही. भेव रस्त्याचं हाये. मांगून ट्रक आला, हॉर्न आयकूच नाही आला, आन् मी मांगं बसलेली. म्हून रोज खोलतेत आन् रोज बसवतेत. दुरुस्त झाली तर न्या लागन ना मले."

मी खोलीत आलो आणि दाढीच्या आरशासमोर उभा राहिलो. आवाज न काढता म्हणून पाहिलं, खळखळ. मग खडखड. भडभड, फडफड. आरशातले ओठ दोन्ही जोड्यांत एकच शब्द म्हणत होते. एवढे दिवस मी ओठ वाचणाऱ्या काकाजींना ळ आणि ड समजावत होतो. मला तिथंच रडू आलं.

बारशाच्या सकाळी फटफटी पेट्रोल भरून, पुसून अंगणात ठेवलेली होती आणि काकाजी शेजारी बसून होते. किक मारत नव्हते. मी दिसताच सवयीनं उठले, पण "लावा कान" म्हणाले नाहीत. काकू नवं लुगडं नेसून, बाळंतविड्याचं गाठोडं घेऊन बाहेर आल्या आणि त्यांच्या पुढ्यात उभ्या राहून म्हणाल्या,

"मी बसतो मांगं. फटफटी जे म्हणन थे मी सांगतो तुमाले."

"तुले काय समजते इंजिनातलं?" काकाजी ओरडले.

"काही नाही समजत. पन आयकू तं येते मले."

काकाजी त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता चिडतील. पण त्यांनी मान खाली घातली, धोतराचा सोगा खोचला आणि किक मारली. फटफटी लागली. काकू मागं चढून बसल्या, गाठोडं मांडीत घेतलं आणि उजवा हात त्यांच्या पाठीवर ठेवला. मग इंजिनाच्या ठोक्याला ठोका मिळवत त्या पाठीवर थोपटू लागल्या. ठक, ठक, ठक. काकाजी डोळे मिटून ते ऐकत होते. हो, ऐकतच होते, दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही.

"बरोबर हाये," ते म्हणाले. कुणाला काहीही न विचारता त्यांनी गिअर टाकला.

मी आणि तिवारीजी त्यांच्यामागं राजेगावच्या रस्त्यापर्यंत चालत गेलो. फटफटी ऐन रस्त्याच्या मधून चालली होती. तेवढ्यात आमच्या अंगावर धूळ उडवत मँगनीजचा एक ट्रक गेला आणि त्यानं जोरात हॉर्न दिला. तिवारीजींनी माझा दंड धरला.

लांबवर काकूंचा हात पाठीवरून उचलला गेला आणि काकाजींच्या डाव्या खांद्यावर पडला. फटफटी निवांत डाव्या बाजूला झाली.