थोरला हेडफोन परत करण्याचं कारण

चष्मेवाल्याने एकोणीस वर्षं लोकांना एकच प्रश्न विचारला होता. दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत, उंच खुर्चीवर बसवून, डोळ्यांसमोरच्या काचा बदलत तो हळू आवाजात म्हणायचा, "पहिलं बरं... की दुसरं?" आणि माणसं निमूट उत्तर द्यायची. हा प्रश्न एक दिवस आपल्यालाच पडेल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं. तो पडला सोमवारी सकाळी, जेवणाच्या टेबलावर, दोन हेडफोनच्या रूपाने.

त्यातला एक लाकडी पेटीतून आला होता. पेटीत मखमल, मखमलीवर पांढरे हातमोजे, आणि ते हातमोजे घालून उचलायचा तो हेडफोन. दुसरा प्लॅस्टिकच्या अशा वेष्टनातून आला होता, की ते फोडायला कात्री, सुरी आणि शेवटी दात लागले. पहिल्याची किंमत कपडे धुण्याच्या मशीनएवढी होती. दुसऱ्याची, त्या मशीनमध्ये घालायच्या पावडरीएवढी. दुपारपर्यंत घरात त्यांची नावं पडली, थोरला आणि धाकटा.

"दोघांतला एक शनिवारी पाचच्या आत परत जाणार," बायको म्हणाली. "दुकानदाराने तशी सवलत दिलीय. मी तशी सक्ती करतेय."

बायको कपडे धुण्याची मशीन बनवणाऱ्या कंपनीत तक्रारींचे फोन घ्यायची. त्यामुळे हेडफोन या विषयात घरात तिचा अनुभव सगळ्यात दांडगा होता.

"मी आठ तास हेच डोक्यावर घालून बसते, आणि मला त्याचा पगार मिळतो," ती म्हणाली. "तू उलट पैसे भरून घालणार?"

"तुला त्यात लोक ओरडताना ऐकू येतात. मला यात गाणारा श्वास घेताना ऐकू येतो."

"ओरडायच्या आधी माझेही घेतात."

चष्मेवाल्याने थोरला कानावर चढवला आणि वाद तिथेच संपला, कारण त्याला पुढचं ऐकू आलं नाही. थोरल्यात गाणं सुरू होत नसे, उजाडत असे. आधी एक लांबलचक खोली जाणवायची, मग खोलीतला गारवा, मग कोणीतरी पावलं न वाजवता येऊन सतारीपाशी बसायचं. सतारीची तार छेडली की तिचा नाद जेवणाच्या टेबलावरून तरंगत खिडकीपर्यंत जायचा, पडद्याला हात लावायचा आणि परत यायचा. पडदा हलायचासुद्धा. (तो पंख्याने हलत होता. पण पंख्याचा आवाज ऐकू येत नव्हता, मग श्रेय कोणाला द्यायचं?)

मग त्याने धाकटा लावला. धाकट्यातही सतार होती. ती कुठल्या तरी डब्यात होती, इतकंच.

"तीन माणसांनी फरक सांगितला तर थोरला ठेव," बायकोने शेवटी अट घातली. "तुझ्या एकट्याच्या कानांवर माझा विश्वास नाही. तुला दारावरची बेल ऐकू येत नाही."

पहिलं माणूस म्हणून सासऱ्यांना बोलावण्यात आलं. सासरे वजनमापं खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते, पण तराजू निवृत्त झाला नव्हता. तो पिशवीत घालूनच ते आले. दोन्ही हेडफोन पारड्यात घालून त्यांनी बराच वेळ काट्याकडे बघितलं.

"जावईबापू, थोरल्याच्या पेटीवर लिहिलंय चारशे तीस ग्रॅम. भरतायत चारशे सत्तावीस. मी नोकरीत असतो, तर आज त्या दुकानाला सील लागलं असतं."

"बाबा, वजन नाही हो. आवाज ऐकायचाय."

"आवाज तोलता येत नाही. म्हणूनच त्या धंद्यात सगळ्यात जास्त फसवणूक."

तरी त्यांना दुकानामागच्या त्या उंच खुर्चीवर बसवलं, खोलीत अंधार केला आणि कानांवर थोरला ठेवला. चष्मेवाला सवयीने हळू आवाजात म्हणाला, "हे झालं पहिलं..." आणि धाकटा उचलून वळेपर्यंत सासरे झोपले होते. साधीसुधी झोप नव्हती ती. चेहऱ्यावर इतकं शांत हसू होतं, की उठवणं हे पाप वाटावं. दोन तासांनी त्यांनी डोळे उघडले.

"मी एका भल्यामोठ्या तराजूच्या पारड्यात बसलो होतो," ते संथपणे म्हणाले. "समोरच्या पारड्यात कोणीच नव्हतं. तरी काटा मधोमध."

"बाबा, पहिलं बरं की दुसरं?"

"दुसरं कुठलं?"

हे मत बायकोने बाद ठरवलं. चष्मेवाल्याने पुन्हा प्रयत्न केला तेव्हा सासरे पुन्हा झोपले. बुधवारपासून ते जेवण झाल्यावर स्वतःच यायला लागले.

दुसरं माणूस म्हणजे समोरच्या शिवणकामवाल्या बाई. सुईत दोरा जात नाही म्हणून त्या चष्म्याचा नंबर काढायला आल्या होत्या. चष्मेवाल्याने त्यांच्या हातात सुई-दोरा दिला, नाकावर काचा ठेवायच्या आधी कानांवर थोरला ठेवला आणि गाणं लावलं. बाईंचे खांदे खाली आले. हात संथ झाला. दोरा असा सुईत गेला, जसा माणूस स्वतःच्या घरात जातो.

"अगं बाई!" त्या जोरात म्हणाल्या. कान झाकलेला माणूस जोरातच बोलतो. "गेला की! पाच वर्षांत पहिल्यांदा!"

त्याने घाईने थोरला काढून धाकटा लावला. बाईंनी दुसरी सुई घेतली आणि बोटाला टोचून घेतली.

"फरक कळला ना, ताई?" चष्मेवाला हर्षभराने म्हणाला. "गाणं कसं वाटलं?"

"गाणं? कसलं गाणं? मी सुई ओवत होते," बाई बोट चोखत म्हणाल्या. "चष्मा राहू द्या. मला तो पहिलाच द्या."

गुरुवारी सकाळी दुकान उघडलं, तेव्हा बाहेर चार बायका सुया घेऊन उभ्या होत्या. शुक्रवारी एक घड्याळजी आला, त्याला बारीक स्क्रू दिसत नसत. त्याने थोरला घालून तीन घड्याळं दुरुस्त केली, आभार मानले आणि निघून गेला. आतल्या खुर्चीत सासरे झोपलेले असल्यामुळे कोणाचे डोळे तपासता येत नव्हते, आणि तपासून घ्यायची कोणाला इच्छाही नव्हती. आठवड्यात एकही चष्मा खपला नाही.

"बोटाला सुई टोचली, हे बोटाचं मत झालं. कानाचं नव्हे," बायको म्हणाली. "घड्याळजीला तर तू धाकटा दिलाच नाहीस. आणि हेडफोनमुळे चष्म्याचं दुकान बसलं, असं कोणाला सांगितलं तर ते माझीच तक्रार लिहून घेतील. उद्या शनिवार."

"मग उद्या मीच परीक्षा देतो," चष्मेवाला म्हणाला. त्याच्या डोळ्यांत एकदम चमक आली. "तू बस समोर. आपण ते समूहगान लावू!"

बायकोचा हात चहाच्या कपावर थांबला.

त्या समूहगानाची हकिगत नात्यातल्या प्रत्येकाने निदान चार वेळा ऐकली होती. कॉलेजात असताना पंचेचाळीस मुलामुलींनी रंगमंचावर एक गाणं म्हटलं होतं आणि रेडिओवाल्यांनी ते टिपून घेतलं होतं. चष्मेवाला, म्हणजे तेव्हाचा नुसताच चष्मा असलेला मुलगा, प्रेक्षकांत बाराव्या रांगेत बसला होता. पंचेचाळीस आवाजांतून एक आवाज थेट त्याच्यापाशी आला. त्याने वर पाहिलं. रंगमंचावर तिसऱ्या रांगेत, डावीकडून चौथी. पुढच्या वर्षी त्याने तिला मागणी घातली. "मी हिला आधी ऐकली, मग पाहिली," हे वाक्य तो आजही पाहुण्यांना पहिल्या चहाबरोबर द्यायचा.

आता खरी गोष्ट. तालमीच्या दुसऱ्या दिवशी समूहगानाचे सर रांगांमधून कान देत फिरत होते. तिसऱ्या रांगेत, डावीकडून चौथीपाशी ते थांबले. बराच वेळ थांबले. मग मायेने म्हणाले, "बाळ, तू तोंड फार छान हलवतेस. तेवढंच कर."

तिने तेवढंच केलं होतं. ही गोष्ट तिने कोणालाही सांगितली नव्हती. लग्नाआधी सांगायची राहून गेली, आणि लग्नानंतर सांगायची म्हणजे लग्न कशाच्या जोरावर झालं हाच प्रश्न आला असता.

"ते जुनं कशाला?" शनिवारी दुपारी तिने सहज वाटेल अशा आवाजात विचारलं. "नुसती खरखर असेल त्यात."

"खरखरसुद्धा स्वच्छ ऐकू येईल."

"साडेतीन वाजलेत. दुकानात पोचायला वेळ लागतो."

"गाणं चार मिनिटांचं आहे गं."

त्याने आधी धाकटा घातला. दुपारचं ऊन टेबलावर आडवं पडलं होतं, त्यात धूळ कण कण करून तरंगत होती. चष्मेवाल्याने डोळे मिटले आणि पहिल्याच ओळीला त्याचा चेहरा वीस वर्षांनी लहान झाला.

"ही बघ! ही तू!" तो ओरडला. "सगळे कालवल्यासारखे आहेत, पण त्यातून तू... अगं, किती गोड!"

बायकोने खिडकीबाहेर पाहिलं.

मग त्याने हातमोजे घालून थोरला उचलला. गाणं सुरू झालं, आणि घरात एक अख्खा रंगमंच हळूहळू येऊन उभा राहिला. त्याला सरांचा बूट ठेका धरताना ऐकू आला. कोणीतरी गिळलेला खोकला ऐकू आला. फळीची करकर, कागदाची सळसळ. आवाज एकमेकांपासून सुटे झाले आणि आपापल्या जागी उभे राहिले. तो रांगांमधून अलगद चालायला लागला.

"दुसरी रांग झाली... तिसऱ्या रांगेत आलो," तो झोपेत बोलल्यासारखा म्हणाला. "डावीकडून पहिली, भरदार आवाजाची. दुसरी घाईत आहे, पुढे पळतेय. तिसरीला सर्दी झालीय, बिचारी..."

मग त्याने थोरला दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला.

"पाचवीचा आवाज छान आहे," तो थोड्या वेळाने म्हणाला.

"आणि चौथी?" बायकोने विचारलं, कारण न विचारणं जास्त संशयास्पद दिसलं असतं.

"चौथीच्या जागी हवा आहे."

त्याने गाणं पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. बायको समोर बसून होती. तिच्या लक्षात आलं होतं, की या क्षणी जगात फक्त तिलाच एक गोष्ट ठाऊक आहे. थोरला मशीनएवढ्या किमतीचा खरोखरच आहे. वीस वर्षांपूर्वी न गायलेल्या मुलीचं न गाणं त्याने जागेसकट ओळखलं होतं. याहून मोठा पुरावा कुठला? तिने एक वाक्य बोलायचा अवकाश, थोरला घरात राहिला असता. फक्त 'मी हिला आधी ऐकली' हे वाक्य घरातून गेलं असतं. तिने तोंड उघडलं, हलवलं आणि मिटलं. यात ती आधीपासूनच तरबेज होती.

चष्मेवाल्याने थोरला काढून मखमलीवर ठेवला.

"हा परत."

"अरे, पण तुला आवडला होता ना?"

"चव्वेचाळीस परकी माणसं ऐकवतो आणि नेमकं आपलं माणूस गाळतो! या किमतीत? धाकट्यात तू पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत आहेस."

"नीट विचार कर," तिला अगदीच राहवलं नाही. "मी त्या दिवशी जरा हळू गायले असेन."

"हळू? बाराव्या रांगेपर्यंत आला होता तुझा आवाज! मला शिकवतेस?"

सासऱ्यांना बातमी कळल्यावर ते उंच खुर्चीवरून उतरले आणि तराजू पिशवीत घालून घरी गेले. जाताना दोनदा वळून पेटीकडे पाहिलं.

पाचला दहा कमी असताना दोघं हेडफोनच्या दुकानात पोचली. चष्मेवाला पेटी उघडून थोरल्याचा निरोप घेत होता. काउंटरवरच्या माणसाने एक फॉर्म पुढे सरकवला. नाव, तारीख, वस्तू, आणि खाली एक रिकामी ओळ, परत करण्याचं कारण. बायकोने पेन घेतलं, क्षणभर थांबली आणि लिहिलं. माणसाने फॉर्म फिरवून वाचला.

"'जे नाही, ते यात अजिबात ऐकू येत नाही,'" त्याने हळूच वाचलं. मग तिच्याकडे पाहिलं. "मॅडम, ही तक्रार आहे की कौतुक?"

"तक्रार," ती म्हणाली. "मी याच कामात आहे. घ्या लिहून."

परतताना ऊन उतरलं होतं. झाडांच्या सावल्या रस्त्यावर इतक्या सावकाश लांबत होत्या, की त्यांना कुठेच पोचायचं नसावं. चष्मेवाला कानांवर धाकटा घालून पुढे चालला होता, मधेच डोळे मिटत होता, मधेच खांबाला धडकता धडकता वाचत होता. बायको दोन पावलं मागून येत होती. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून तिने वीस वर्षांत पहिल्यांदा ते गाणं खरोखर म्हणून बघितलं. अगदी हळू. सर बरोबर होते, हे तिला पहिल्याच ओळीला कळलं.

चष्मेवाला थांबला. त्याने एका कानावरून धाकटा सरकवला आणि मागे वळला. त्याच्या चेहऱ्यावर बाराव्या रांगेतला मुलगा होता.

"काही म्हणालीस?"

"छे," ती म्हणाली. "नुसतं तोंड हलवत होते."