लॅपटॉपला हवापालट

इंटिरिअर लॅपटॉपच्या पाठीवर तळहात ठेवून उभे होते. घरात लहान मूल तापानं फणफणलेलं असावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"आहे का अजून?" बायकोनं आतून विचारलं.

"आहे. वाढलाय."

इंटिरिअर हे काही त्यांचं नाव नव्हे. दारावरच्या पाटीवर नाव होतं, आडनाव होतं, खाली धंदा होता. पण अक्षरं चिकटवलेली. ती एकेक करून गळाली आणि धंदा तेवढा शिल्लक राहिला. अर्थात, पाटीवर. एरवी धंद्याचीही चिकटपट्टी सुटतच आली होती. लोकांची घरं नि दुकानं सजवल्यावर आतून कशी दिसतील, याची चित्रं ते कॉम्प्युटरवर करून देत. हल्ली लोक ती दुसऱ्याच कुणाकडून करून घेत. मेव्हणा फरशीच्या दुकानात 'नुसतं बसायला या' म्हणून मागे लागला होता, आणि 'नुसतं' या शब्दावर तो जो जोर द्यायचा तो इंटिरिअरना रात्र रात्र टोचायचा.

अशात एका हॉटेलवाल्या मॅडमचा फोन आला. हॉटेलचं प्रवेशदालन नवं करायचं होतं. शुक्रवारी सकाळी ऑनलाइन चित्र दाखवा, आवडलं तर काम तुमचं. काम मिळालं तर दुकान टळलं, नाही तर सोमवारपासून फरशी.

आणि नेमका लॅपटॉप अंथरुणाला खिळला. संगमरवरी खांब काढायला घेतला की त्याचा पंखा घरघरायचा, आणि खांबाला झिलई चढायच्या आत तो डोळे मिटून घ्यायचा. नवा घ्यावा, तर इंटिरिअरचं जुनं सॉफ्टवेअर नव्यावर चालत नव्हतं, आणि नवं सॉफ्टवेअर इंटिरिअरना चालवता येत नव्हतं. तेव्हा दोघं एकमेकांना धरून म्हातारे होत होते.

घरगुती उपाय सगळे झाले. चार कोपऱ्यांखाली बाटल्यांची बुचं लावली. टेबलफॅन लावला. बर्फातल्या मटारचं पाकीट पोटाशी दिलं. मटार अर्धे शिजूनच भाजीत गेले. शेवटी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं कान लावून घरघर ऐकली.

"काका, ह्याचा पंखा आता मिळत नाही. मोकळ्या वाऱ्याला ठेवा. कॅमेरा चालू करू नका, त्यानं आणखी तापतो. आणि फार दगदग देऊ नका."

"मला डॉक्टरांनी हेच सांगितलंय."

"मग दोघं मिळून जा कुठे तरी हवापालटाला," असं म्हणून तो गेला.

इंटिरिअरनी कागदाची पट्टी हातात धरून घरभर वारा शोधला. पट्टी कुठेच हलेना. हलली ती थेट दाराबाहेर, जिन्याच्या वळणावर. तिथे भिंतीत मोठी खिडकी होती आणि खालून वर असा झकास वारा वाहत होता. त्यांनी घडीचं टेबल नि खुर्ची नेऊन मांडली. लॅपटॉप तासभर चालला, कुरकुर न करता. इंटिरिअरना भरून आलं.

"जिन्यात बसणार?" बायको म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"लोक काय, येतील नि जातील."

लोक आले, पण गेले नाहीत. आधी कुरिअरवाला आला. "वरच्या मजल्यावर कुणी दार उघडत नाही. तुम्ही घेता का?" जिन्यात टेबल टाकून बसलेला माणूस नाही कसं म्हणणार? इंटिरिअरनी सही केली आणि तिथेच फसले. माणसानं एकदा सही केली की तो त्या कामाचा होतो. संध्याकाळपर्यंत तीन पार्सलं आली. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरचे काका ऑफिसला जाताना किल्ली ठेवून गेले. "प्लंबर येईल. जरा लक्ष ठेवा, उगाच पाइप बदलायला सांगेल." प्लंबर आला, इंटिरिअर त्याच्याशी पाइपावरून भांडले, आणि भांडून परत आले तर टेबलावर आणखी दोन किल्ल्या.

मग तळमजल्यावरच्या हेडबाई आल्या. त्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण शाळा त्यांच्यातून झाली नव्हती. गुडघ्यांमुळे जिन्यात टेकायला जागा हवी, म्हणून त्यांनी बाक आणवला, आणि बाक आहे म्हणून त्या सकाळ-संध्याकाळ टेकू लागल्या.

"काय हो इंटिरिअर, काल चार वाजता जागेवर नव्हतात!"

"चहा प्यायला घरात गेलो होतो, बाई."

"मग सांगून जायचं. माणसं खोळंबतात."

"बाई, मी इथे माझं काम करतोय."

"ते करा हो मधूनमधून. कोण नाही म्हणतंय?"

गुरुवारी कुणी तरी त्यांच्या डोक्यावर भिंतीला 'चौकशी येथे करावी' असा कागद चिकटवला. ही अक्षरं मात्र पक्की बसली. वैतागून इंटिरिअर सगळं उचलून घरात गेले, तर पहिल्याच खांबाला लॅपटॉपनं मान टाकली. निमूट परत आले. बाकावरून हेडबाईंनी फक्त घड्याळाकडे पाहिलं.

शुक्रवारी इंटिरिअर ठेवणीतला शर्ट घालून टेबलाशी बसले. मॅडमनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आज पाहणारही नव्हत्या. कॅमेरा बंद होता. पडद्यावर दालन उभं राहिलं. संगमरवर, झुंबर, काळ्या काचेचा काउंटर.

"हं," मॅडम म्हणाल्या. "जरा थंड नाही वाटत?"

इतके दिवस ज्या शब्दासाठी जीव टाकला, तो असा ऐकायला मिळाला. इंटिरिअर खुलासा करणार, तेवढ्यात पंखा घरघरू लागला. लॅपटॉपची पाठ तापली. त्यांनी घाबरून लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला आणि आरती ओवाळावी तसा गोल फिरत खिडकीच्या वाऱ्यावर धरला. उचलताना बोटं कुठल्या कुठल्या बटणांवर पडली, ते त्यांना कळलं नाही. नजर खिडकीवर होती.

"अहो इंटिरिअर, माझी किल्ली!" काका वरून ओरडले.

"डावीकडे, निळ्या दोऱ्याची."

"पार्सल आलंय का?"

"आलंय. बाकाखाली. आणि तुमच्या बहिणीचा निरोप आहे, उशीर होईल, जेवून घ्या."

"काका, जिन्यात धावू नका," हेडबाई म्हणाल्या. "बसा इथे घटकाभर. पाणी घ्या."

एवढं होईतो लॅपटॉपनं एक दीर्घ सुस्कारा सोडला आणि पडदा काळा झाला. या खेपेला तो कशानंच उजळला नाही.

इंटिरिअर काळ्या पडद्यासमोर बसून राहिले. त्यांच्या डोळ्यांपुढे फरशा दिसू लागल्या, ओळीनं रचलेल्या. बायको दारात आली, तिनं नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि परत आत जाऊन चहा टाकला.

चहा निम्मा झाला असेल, तर फोन वाजला.

"शेवटी जरा अडकलं आपलं," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, मी माफी—"

"माफी कसली? पहिलं चित्र नाही आवडलं, स्पष्ट सांगते. तसली काच सगळीकडेच असते. पण दुसरं! अहो, काय केलंयत ते!"

"दुसरं?" इंटिरिअरनी कप खाली ठेवला.

"तो जिना, ती खिडकी, बाकावरच्या बाई, निळ्या दोऱ्याची किल्ली. गोल फिरवून दाखवलंत ना! थोडं अस्पष्ट होतं, अडखळत होतं, पण कॉम्प्युटरचं चित्र म्हटल्यावर तेवढं व्हायचंच. माणसं तर अशी जिवंत! बोलायलासुद्धा लावलीयत. आल्यासरशी कुणी तरी आपली विचारपूस करतंय असं वाटतं. हॉटेलात हेच हवंय मला. हेच करा, काम तुमचं."

इंटिरिअरनी हळूच वळून चारी बाजूंना पाहिलं, मापं घ्यायची असल्यासारखं. काका बाकावर पाणी पीत होते.

"ठीक आहे, मॅडम. पर्याय दुसरा."

"फक्त एक बदल लागेल. काउंटरवरचा तो माणूस काढा. सारखा तोंड जवळ आणतो, घामाघूम असतो. बाकी सगळे इतके छान, आणि हाच कुठून घातलात?"

बायको दारातच उभी होती. आवाज फोनबाहेर चांगला ऐकू येत होता. तिनं पदर तोंडाशी धरला.

"काढतो, मॅडम," इंटिरिअर म्हणाले. "कसा हवा?"

"जरा थंड डोक्याचा."

इंटिरिअरनी कपाळावरचा घाम पुसला. "बघतो," ते म्हणाले, "मिळतो का कुठे."