बिनजात्याची ओवी

आमच्या शेजारचे आबा सुभेदार एकदा रेडिओ लावला की कार्यक्रम संपेपर्यंत बंद करत नसत. इंग्रजी भाषण लागलं तरी मांडी घालून शेवटपर्यंत ऐकायचे. कळत एक अक्षर नसे. "काय म्हणतोय तो, आबा?" असं विचारलं की म्हणायचे, "काय का म्हणंना. पैसं भरल्यात. अर्ध्यावर सोडू व्हय?"

हे साताऱ्यातलं, लढाईच्या दिवसांतलं. तेव्हा घरात रेडिओ ठेवायला सरकारचा परवाना लागे आणि दरसाल पोस्टात त्याचे पैसे भरावे लागत. ते भरले की रेडिओत बोलणारा प्रत्येक माणूस आबांचा गडी. गवई खाकरला की हे ओरडायचे, "खाकरायचं पैसं मिळणार न्हाईत!" तंबोरा जुळवायला वेळ लागला तर, "घरनं जुळवून यायला काय झालं हुतं रं?" खरखर झाली की दुसऱ्या दिवशी पोस्टमास्तरांशी भांडण.

मास्तर म्हणायचे, "आबा, मी फक्त पैसे घेतो. गाणं मी म्हणत नाही."

"मग घेता कशाला?"

माझी शाळा चौथीपर्यंत, पण रेडिओच्या पेटीपुढं ओरडून मुंबईला ऐकू जात नाही, एवढं मला कळत होतं. तसं मी त्यांना सांगितलंही.

"न जाऊ दे," आबा म्हणाले. "पर मालकानं बोलाय पायजे."

त्यांची बायको, जिजाकाकू, आदल्या वर्षी वारली होती. घरात दुसरं माणूस नव्हतं. त्यांची ज्वारी मीच दळून द्यायची. एकदा सकाळी ज्वारीचं सूप न्यायला गेले, तर रेडिओवर कोणी बाई ओवी म्हणत होती. बरोबर सारंगी, तबला. आबा लालबुंद.

"जात्यापाशी तबलजी कुठं बसतो गं?"

"आवं आबा, रेडिओत जातं कुठनं आणतील?"

"का न्हाई? तबलजीला देत्यात त्येवढ्यात चार जाती येतील. आन् ही थांबती कुठं? दाणं कवा घालती? बिनदाण्याचं दळती व्हय?"

मला त्यांनी काकूंच्या जात्यावर बसवलंच. "दळ. तिचा गळा, तुजं जातं. तवा कुठं पैसं वसूल हुतील."

माझा गळा कावळ्याचा, म्हणून गाण्याची वाटणी त्या बाईकडे. मी खुंटा धरला. पण मी मूठ घालायला थांबले की बाई पुढं निघून जाई.

"म्हागं ऱ्हायलीस!" आबा ओरडले.

"मी काय पलटणीत हाय व्हय?" मी म्हणाले आणि थांबून मूठ घातली.

आबा माझ्या मुठीकडे बघून म्हणाले, "दाणं घातलं की तुजी काकू माजं नाव घ्यायची. वव्हीत. एरवी उभ्या जन्मात तोंडानं घेतलं न्हाई. मी जागाच असायचा. घोंगडं तोंडावर वढून."

"मग कदी बोलला न्हाईत काकूंना?"

"बोललो असतो तर घ्यायची थांबली असती."

बाईची ओवी चालूच होती. आबांनी हात लांब केला आणि रेडिओ बंद केला.

"आबा, पैसं भरल्यात," मी म्हणाले.

"दळ तू."

उन्हाळ्याचे दिवस होते. तरी त्यांनी आडवं होऊन घोंगडं घेतलं, भिंतीकडे कूस वळवली आणि ते तोंडावर ओढलं. सूप रिकामं होईपर्यंत मी दळलं. पीठ जाडंभरडं पडलं होतं. त्याबद्दल आबा काही बोलले नाहीत.