बिशपच्या काळ्या तुऱ्याचं प्रकरण

"लिही," दाजी म्हणाले, "'उत्तर मिनेसोटातला सर्वांत तल्लख मेंदू.'"

मी लिहिलं.

"आता 'उत्तर' खोड. उगाच हद्द कशाला घालून घ्यायची?"

मी खोडलं. थोडा वेळ विचार करून त्यांनी 'मिनेसोटातला'ही खोडायला लावलं. राहिलं ते 'सर्वांत तल्लख मेंदू'. हे शब्द आज त्यांच्या गॅरेजच्या दारावर पाटी होऊन लटकतात.

दाजी म्हणजे व्हर्लिन किटलसन, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एकतीस वर्षं पोस्टात पत्रं निवडायला होते. पाकिटाला नुसता हात लावला की आत लग्न आहे की मयत हे आपल्याला कळायचं, असं ते सांगतात. मयतीच्या पाकिटाला काळी कड असायची, असं ताई सांगते. निवृत्त झाल्यावर ते खाजगी गुप्तहेर झाले आणि मी, डेलमर, त्यांचा सहायक झालो, कारण माझ्याकडे गाडी आहे आणि बायको नाही. या धंद्याला दोन्ही गोष्टी लागतात. बिशपचं प्रकरण येईपर्यंत आम्ही एकच गुन्हा उघडकीस आणला होता, चर्चमधल्या कॉफीच्या किटलीच्या चोरीचा. किटली घासायला नेली होती.

बिशप हा कोंबडा. बर्नाडीन रास्को नावाच्या आमच्या गावातल्या ऐंशी वर्षांच्या बाईंचा. अंगाने पांढरा, डोक्यावर हातभर लाल तुरा, आणि चाल अशी की समोरच्याने आपोआप टोपी काढावी. त्याच्यासोबत अकरा कोंबड्या. बर्नाडीनबाईंचे यजमान एमेट वसंतात गेले. दर ऑक्टोबरात खुराडं थंडीसाठी तयार करायचं काम त्यांचं असे. बाई दाणे टाकत आणि अंडी गोळा करत, खुराड्याच्या कारभारात पडत नसत. यंदा ते काम दाजींनी मागून घेतलं.

"या हिवाळ्यात कोंबड्या धड राहिल्या तर मी इथे," बाई म्हणाल्या. "नाहीतर मुलगी मला शहरात तिच्या फ्लॅटवर नेणार. तिथे चौथ्या मजल्यावर खिडकी उघडत नाही."

"बर्नाडीनबाई," दाजी म्हणाले, "आतापासून हे खुराडं राहिलं नाही. ही तिजोरी आहे."

आम्ही तीन दिवस राबलो. जाळीच्या अंगणाला वाऱ्याच्या बाजूने प्लास्टिक ठोकलं, भिंतींना पेंढ्या लावल्या, जमिनीवर वीतभर लाकडाचा भुसा पसरला. इथवर सगळं ठीक होतं. मग पाण्याचं भांडं दाजींनी एका जुन्या टायरच्या मधोमध बसवलं. रबर थंडी खातं म्हणे, पाण्यापर्यंत पोचू देत नाही. आणि शेवटी त्यांची नजर वर, छपराच्या कडेखाली गेली. तिथे मुठीएवढी भोकं होती, एका ओळीत, दोन्ही बाजूंना.

"एमेट माणूस चांगला होता," दाजी हळहळले. "सुतार म्हणून देवाने त्याला माफ करावं."

"ती भोकं तो कधी बुजवत नसे," बाई म्हणाल्या. "आधीपासून आहेत."

"गुन्हे आधीपासून असलेल्या भोकांतूनच होतात."

मी शिडी धरली. दाजींनी एकेका भोकात चिंध्या कोंबल्या आणि वरून पट्टी चिकटवली. मुंगीला आत जायचं तर दार वाजवावं लागलं असतं.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पारा शून्याखाली उतरला आणि मंगळवारी बाईंचा फोन आला. बिशपच्या तुऱ्याची टोकं काळी पडली होती.

आम्ही गेलो. बिशप दांड्यावर मान पाडून बसला होता. त्या ऐटबाज लाल तुऱ्याच्या पाचही टोकांवर शाई सांडल्यासारखा काळा रंग. आत असा उग्र वास की माझ्या डोळ्यांना पाणी आलं. खिडकीच्या काचेवरून आतल्या बाजूने थेंब ओघळत होते, छताच्या फळ्यांवर बर्फाची साय धरली होती. पायाखालचा भुसा ओलाचिंब.

दाजींनी भिंग काढलं, काचेवरचा एक थेंब बोटावर घेतला, जिभेला लावला आणि बराच वेळ थुंकत राहिले.

"काय आहे?" मी विचारलं.

"अश्रू. कोंबड्यांना काहीतरी दिसलंय, डेलमर. त्या रात्रभर रडतायत."

बाईंनी पदरात धरल्यासारखं बिशपला स्वेटरमध्ये गुंडाळलं. "पण त्याचा तुरा?"

"तो शिक्का आहे. एकतीस वर्षं मी शिक्के मारले, मला शाई शिकवू नका. तिकीट रद्द करतात तसा कोणीतरी तुमचा कोंबडा रद्द केलाय."

शाईचा सिद्धांत दुपारपर्यंत टिकला. ताईने दिलेल्या डाग काढायच्या औषधाने तो रंग निघेना, आणि बिशपने दाजींचा अंगठा फोडला. संध्याकाळी घरगुती भांडणाचा सिद्धांत आला. अकरा जणींत एक नवरा म्हटल्यावर कोणीतरी चोच मारणारच. एका तांबड्या कोंबडीवर दाजींचा विशेष संशय होता, कारण ती नजर चुकवत होती. कोंबडीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, ती सगळ्यांचीच नजर चुकवते, असं मी म्हणालो. "म्हणूनच त्या पकडल्या जात नाहीत," दाजी म्हणाले.

बुधवारी ताजं बर्फ पडलं आणि त्यावर खरा पुरावा उमटला. शेजारच्या लोवेल ट्रिगस्टाडच्या मागच्या दारापासून थेट खुराड्यापर्यंत, आणि तिथून परत, बुटांचे ठसे. दाजी चारी पायांवर रांगत ती वाट दोनदा फिरून आले.

"येतानाचे ठसे खोल," ते म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "जातानाचे उथळ. येताना जड, जाताना हलका. तो रोज काहीतरी आणतो आणि इथे ठेवून जातो."

हे मात्र मला पटलं, आणि मान्य करतो की मी चपापलो. लोवेल हा कमी बोलणारा, एकटा राहणारा, जंगल खात्यातून निवृत्त झालेला माणूस. मे महिन्यात त्याने बिशपच्या आरवण्याबद्दल तक्रार केली होती. तक्रार म्हणजे इतकीच, की कोंबडा लवकर उठतो असं तो एकदा कुंपणापाशी म्हणाला होता. पण आमच्याकडे लोक इतपत बोलले तरी भांडण झालं असं समजतात.

गुरुवारी उजाडता उजाडता आम्ही माझ्या गाडीत दबा धरून बसलो. लोवेल खुराड्यातून बाहेर पडला तेव्हा त्याच्या हातात रिकामी बादली होती. दाजी समोर जाऊन उभे राहिले.

"बादलीत काय होतं, लोवेल?"

"पाणी."

"सगळे तसंच म्हणतात."

"कोण सगळे?"

दाजींनी जरा विचार केला. "ते आम्ही बाहेर सांगत नाही. कोंबड्याच्या तुऱ्याचं काय झालं, ते बोल."

लोवेलने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "बिशपला मी काही घातलं असं तुला वाटतं?"

"मला काही वाटत नाही. पुरावा बोलतो."

बर्नाडीनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि लोवेलला तेच लागलं असावं. त्याने बादली पायरीवर ठेवली, टोपी नीट केली आणि आपल्याच ठशांवर पाय देत घरी गेला.

शुक्रवारी सकाळी बर्फावर एकही ठसा नव्हता. "पाहिलंस?" दाजी म्हणाले, "गुन्हेगार घाबरला." आत टायरमधलं पाणी दगड झालं होतं. अकरा कोंबड्या त्यावर टकटक चोची मारत होत्या. तो आवाज पोस्टातल्या शिक्क्यांसारखा येत होता, पण तसं म्हणायची ही वेळ नव्हती. बिशपच्या तुऱ्याचा काळेपणा आणखी खाली उतरला होता.

बर्नाडीनबाईंनी ते पाहिलं, घरात गेल्या आणि मुलीला फोन लावला. आम्हाला दारातून ऐकू येत होतं. "उद्या ये. हो, खोकी घेऊन. नाही, कोंबड्यांचं मी बघते. कोणीतरी नेईल." मग फोन ठेवून त्या ओट्यावरचा अंड्यांचा रिकामा वाडगा पुसत राहिल्या. तो आधीच कोरडा होता.

दाजी गाडीत येऊन बसले आणि पहिल्यांदाच मला काही लिहायला सांगितलं नाही.

बातमी दुपारपर्यंत ताईकडे पोचली. ताई म्हणजे आर्डिस. तिच्या आयुष्यात दुःखावर एकच उपाय आहे, ओव्हनमधलं हॉटडिश. खिमा, घेवडा आणि वर बटाट्याच्या गोळ्यांचा थर असलेलं ते भांडं टॉवेलात गुंडाळून ती बर्नाडीनबाईंकडे आली. बाई खुराड्यात होत्या, म्हणून ती तिथेच गेली. मागोमाग आम्ही.

तिने दार उघडून पाऊल आत टाकलं आणि तिचा चष्मा पांढराफटक झाला.

"मला काही दिसेना," ताई म्हणाली. "हे खुराडं आहे का न्हाणीघर?"

"अश्रू आहेत," दाजींनी समजावलं.

"कोणाचे?"

"कोंबड्यांचे."

ताईने भांडं माझ्या हातात दिलं, चष्मा काढून पुसला, घातला. तो पुन्हा पांढरा झाला. तिने तो काढूनच ठेवला आणि आंधळ्यासारखी मान वर करून छताकडे पाहिलं. "अहो, इथे भोकं असायची ना? एमेट दरवर्षी ती झाडून मोकळी करायचा. मी स्वतः पाहिलंय."

"तीच तर आम्ही—" मी म्हणालो आणि थांबलो.

"बारा जीव रात्रभर श्वास सोडतात," ताई म्हणाली. "शिवाय विष्ठा ओली. ती वाफ जाणार कुठे? वर जाणार, भोकं नाहीत म्हणून खाली येणार, आणि बिचाऱ्याचा ओला तुरा गोठून काळा पडणार. ओले केस घेऊन बाहेर पडलात तर तुमचेही कान असेच काळे पडतील. कोरडी थंडी कोंबडीला काही करत नाही, तिच्या अंगावर रजई आहे. ओल मारते."

ताई शिडीवर चढली, पट्टी उचकटली आणि पहिली चिंधी ओढून काढली. ती पोस्टाच्या निळ्या सदऱ्याची बाही होती. दुसरीवर खिसा होता, आणि खिशावर धाग्याने विणलेलं 'व्हर्लिन'.

"गुन्हेगाराने सही केलीय," ताई म्हणाली.

दाजींनी तो खिसा हातात घेतला आणि भिंग न लावता वाचला.

"आणि पाणी?" बर्नाडीनबाईंनी हळूच विचारलं. "आजच कसं गोठलं? इतके दिवस टायरमुळे—"

"टायरमुळे काय होणार?" ताई म्हणाली. "या थंडीत एका रात्रीत गोठतं. रोज सकाळी कोणीतरी गरम पाणी आणून घालत असणार."

येताना जड, जाताना हलका. मी दाजींकडे पाहिलं. त्यांनीही तेच आठवलं असावं, कारण त्यांचे कान लाल झाले होते आणि ते थंडीने नव्हते.

हॉटडिशचं भांडं ताईने माझ्याकडून घेतलं आणि त्यांच्या हातात दिलं. "हे आधी तिकडे जाऊ दे."

लोवेलने दार उघडलं. दाजी पायरीवर, मी त्यांच्या मागे.

"वारा सुटलाय," दाजी म्हणाले.

"हो."

"उत्तरेचा."

"उत्तरेचाच."

दाजींनी भांडं पुढे केलं. "तपासात एक दिशा चुकली," दाजी म्हणाले.

"कुठली?"

"तुझी."

लोवेलने भांड्यावरचा टॉवेल उचलून पाहिलं आणि पुन्हा झाकलं. "ऐंशीची बाई बादली घेऊन बर्फावरून चालताना मला खिडकीतून दिसते," तो म्हणाला. "पडली असती. सांगून केलं असतं तर तिने नको म्हटलं असतं. म्हणून ती उठायच्या आत घालत होतो."

"भोकं मी बुजवली."

"माहितीये. मला वाटलं तुझ्याकडे काही कारण असेल." तो बाजूला झाला. "आत या. घरातली ऊब बाहेर चाललीय."

भांडं संपेपर्यंत वाटाघाटी झाल्या. त्यात लोवेल चार वाक्यं बोलला. ओला भुसा आम्ही तिघांनी त्याच दुपारी उपसला, कोरडा घातला, आणि बिशपच्या तुऱ्याला ताईने व्हॅसलीन चोपडलं. शनिवारी मुलगी खोकी घेऊन आली, तेव्हा आम्ही तिघे म्हातारे शिडीपाशी छपराखालच्या भोकांवरून भांडत होतो, पाव इंच मोठी हवीत की आहेत तेवढी पुरे. तिने थोडा वेळ ते ऐकलं, मग आईला विचारलं, "हे रोज असतं?"

"आता असणार," बर्नाडीनबाई म्हणाल्या.

खोक्यांत ती फक्त आईचे उन्हाळी कपडे भरून घेऊन गेली; आई इथेच राहिली.

बिशपच्या तुऱ्याची टोकं गळून पडली. आता त्याचं डोकं कुरतडलेल्या पावासारखं दिसतं, चाल मात्र तीच आहे. पाणी एक दिवस लोवेल नेतो, एक दिवस दाजी. त्यांच्या पाळीला ते बादली इतकी सांडत नेतात की जाताना-येताना ठसे सारखेच खोल उमटतात.

थंडीत कोंबड्या अंडी देत नाहीत हे बर्नाडीनबाईंना ठाऊक होतं, त्यांनी वाट पाहिली नव्हती. फेब्रुवारीच्या शेवटी दिवस लांबला आणि एका सकाळी भुशात एक तपकिरी अंडं सापडलं. कोणी दिलं, हे दाजींना शोधायचं होतं. त्यांनी अकरा जणींना ओळीने उभं केलं, वेगवेगळं घेतलं, दाणे दाखवून फोडायचा प्रयत्न केला. त्या तांबडीकडे तर तासभर पाहत राहिले. एकीनेही कबुली दिली नाही.

तोवर बाईंनी ते अंडं लोण्यावर तळून लोवेलच्या ताटलीत घातलं होतं, आणि लोवेल पावाने ताटली पुसत होता.

"तो पुरावा होता," दाजी दारातून म्हणाले.

लोवेलने शेवटचा तुकडा तोंडात टाकला. "चांगला होता," तो म्हणाला.