मिलिंदरावांची ड्रिल

मिलिंदराव स्वतःच्याच घरची लाईट घालवतात. भर दुपारी पाहुणे जेवायला बसलेले असले तरी मेन स्विच खाली! मग थांबलेल्या पंख्याकडे श्वास रोखून बघत राहतात. इन्व्हर्टरवर पंखा फिरला की म्हणतात, "हाव, ड्रिल पास!" पहिल्या वेळी माझा घास घशातच अडकला होता.

नांदेडला आमच्या गल्लीत त्यांचं घर माझ्या घरासमोर. गडी हिमायतनगरच्या कॉम्प्युटर क्लासात शिकला, लातूरच्या एका कॉलेजात केबली ओढल्या, हैदराबादच्या सर्व्हर रूममध्ये वर्षानुवर्षं गारठला. आता घरी बसून मोठमोठ्या कंपन्यांची कॉम्प्युटर यंत्रणा कशी उभारायची ते ठरवतो. हुद्दा सोल्युशन आर्किटेक्ट. त्यांच्या मायनं विचारलं, "करतूस तरी काय रं?" तर म्हणाले, "माय, जे बंद पडंल, त्याच्या जागी दुसरं तयार ठेवून राहिलो."

पगार वाढला तशी भीतीही वाढली. घरात दोन इंटरनेट, दोन इन्व्हर्टर. सहस्रकुंडाच्या सहलीला तर मागून दुसरी रिकामी जीप! "एकच हाय?" ते विचारतात. "मग न्हाईच समजा."

उद्या त्यांना लातूरला हृदयाच्या ऑपरेशनसाठी दाखल व्हायचंय. आज सकाळी दारात उभे, चेहरा पांढराफटक.

"सर, आज माझीच ड्रिल. घरी सांगून आलो, आजचा दिवस मी न्हाईच समजा. माझ्याबिगर घर चालतंय का, बघायचंय."

"अहो, काहीतरीच काय!" मी ओरडलोच. खरं सांगतो, मला धडकी भरली. असल्या गोष्टीची तालीम करतं का कुणी?

ऐकतील तर शपथ. माझ्या खिडकीच्या पडद्याआडून आपल्याच घराकडे बघत बसले. पाण्याचा टँकर आला, त्यांच्या बायकोनं, सुजातावहिनींनी, भरून घेतला. इंटरनेट गेलं, लेकीनं दुसरं जोडलं, ते त्यांना मोबाईलवर दिसलं. "पास," ते पुटपुटत आणि दर वेळी आणखी खचत.

"समदं चालून राहिलंय की हो, सर." पुढ्यातला चहा तसाच गार झाला.

दुपार कलली आणि वहिनी तावातावानं आल्या. "पुरं करा आता! माय सकाळपासून जेवली न्हाई. तुमचं ताट वाढून समोर घेऊन बसलीय. किती सांगितलं, ऐकतच न्हाई."

मिलिंदरावांचे डोळे भरून आले. "सर," ते म्हणाले, "ड्रिल फेल झाली." आणि अनवाणीच निघाले. "अहो, हळू!" म्हणत मी मागोमाग.

मायनं त्यांच्या ताटात भाकरी कुस्करून ठेवली होती. ते शेजारी बसले, पण हात ताटाकडे जाईना.

"माय, मला लई भ्या वाटून राहिलं."

"मला बी," माय म्हणाली आणि घास त्यांच्या तोंडाशी नेला. "जेव आधी."